महासाथ व किशोरावस्था
महासाथीच्या काळात किशोरवयीन मुलामुलींच्या शारीरिक हालचालींवर व भावनिक स्वास्थ्यावर झालेले परिणाम आणि त्यांबाबत समाजाने वेळोवेळी योजलेले उपाय, यांचा इतिहास. जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येनुसार १० ते १९ वर्षे हे वय किशोरावस्थेचे होय. २०११ च्या जनगणनेनुसार भारतात या वयाच्या व्यक्तींची संख्या सुमारे २५·३ कोटी, म्हणजे एकूण लोकसंख्येच्या सुमारे एक-पंचमांश होती. साथीच्या इतिहासात बालके, तरुण व वृद्ध यांच्या मृत्यूंची नोंद आढळते. किशोरवयीनांची मात्र स्वतंत्र अशी नोंद फारशी आढळत नाही. बहुतेक साथींत हा वयोगट मृत्यूच्या आकड्यांत मागे असतो, हे त्याचे एक कारण. २०२० ते २०२२ या काळातील कोविड-१९ च्या महासाथीत प्रथमच या वयोगटाची हालचाल, झोप, मनःस्थिती व एकाकीपणा यांचे जगभर मोजमाप झाले. त्यामुळे या विषयाला स्वतंत्र अभ्यासक्षेत्राचे स्वरूप आले.

किशोरावस्थेचे वैशिष्ट्य : या वयात शरीराची वाढ झपाट्याने होते, लैंगिक परिपक्वता येते आणि भावनांची तीव्रता वाढते. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जी. स्टॅन्ली हॉल यांनी १९०४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या अवस्थेचे वर्णन वादळी काळ असे केले. ते सर्व समाजांना सारखेच लागू पडत नाही, असे पुढील संशोधकांनी दाखविले. तथापि आईवडिलांच्या छत्रातून बाहेर पडून समवयस्कांच्या समुदायात स्वतःचे स्थान शोधणे, हे या वयाचे मुख्य कार्य आहे, याविषयी मतभेद नाही. हे कार्य वर्गापेक्षा वर्गाबाहेर अधिक होते. मैदान, तालीम, शाळेची वाट, सायकल, सामने आणि सण ही त्याची ठिकाणे व निमित्ते होत. म्हणूनच मैदान बंद होते तेव्हा केवळ स्नायूंचे काम थांबते असे नाही, तर मैत्री, स्पर्धा, पराभव पचविणे आणि स्वतःच्या सामर्थ्याची ओळख या सर्वच गोष्टी खंडित होतात.

व्यायामाचा मनावर होणारा परिणाम अनेक मार्गांनी घडतो. श्रमाने शरीरातील ताणाशी निगडित संप्रेरकांचे नियमन सुधारते, गाढ झोप लागते व मेंदूत सुखद संवेदनेशी संबंधित द्रव्ये स्रवतात. किशोरावस्थेत झोपेस कारणीभूत असणाऱ्या मेलॅटोनिन या संप्रेरकाचा स्राव रात्री उशिरा सुरू होतो. सकाळचा सूर्यप्रकाश आणि दिवसभराची हालचाल यांमुळे हे घड्याळ ताळ्यावर राहते. यांशिवाय अंगी कौशल्य आल्याचा आनंद आणि संघात मिळणारी आपलेपणाची भावना हे सामाजिक घटकही तितकेच महत्त्वाचे असतात. ५ ते १७ वर्षे वयाच्या मुलांनी दररोज सरासरी ६० मिनिटे मध्यम ते तीव्र स्वरूपाची शारीरिक हालचाल करावी, अशी शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने केली आहे. [⟶ व्यायाम, मानसिक आरोग्य].

पूर्वीच्या साथी : साथ आली की घराबाहेर पडू नये, हा नियम सार्वकालिक नाही. मुंबईत सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकॅसियो गॅब्रिएल व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. पुढील काही वर्षांत हा रोग महाराष्ट्राच्या बहुतेक जिल्ह्यांत पसरला. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग अधिनियम संमत झाला; घरझडत्या, सक्तीचे विलगीकरण व छावण्या यांमुळे लोकांत मोठा असंतोष माजला. तथापि उंदीर पडू लागले की गाव सोडून माळावर किंवा शेतात झोपड्या घालून राहावयाचे, ही पद्धत हळूहळू रूढ झाली. तिच्यात भीती, मृत्यू व दारिद्र्य होतेच. पण घरातील कोंदट हवेपेक्षा मोकळे रान सुरक्षित, ही त्यामागील समज होती. कोविड-१९ च्या काळात हेच सूत्र नेमके उलट झाले : घर हे सुरक्षित आणि मोकळी जागा धोक्याची मानली गेली. [⟶ प्लेग].

क्षयरोगाच्या भीतीतून विसाव्या शतकाच्या आरंभी ‘मोकळ्या हवेतील शाळा’ ही चळवळ निघाली. अशी पहिली शाळा १९०४ मध्ये बर्लिननजीक शार्लोटेनबुर्ग येथे सुरू झाली आणि १९०८ मध्ये अमेरिकेतील प्रॉव्हिडन्स येथे तिचे अनुकरण झाले. १९१८ च्या इन्फ्ल्यूएंझाच्या महासाथीत अमेरिकेतील बहुसंख्य शहरांनी शाळा बंद केल्या. परंतु न्यूयॉर्क व शिकागो या शहरांनी त्या चालू ठेवल्या. न्यूयॉर्कचे आरोग्य आयुक्त रॉयल कोपलंड यांचा युक्तिवाद असा, की गर्दीच्या चाळींत राहणाऱ्या मुलांना शाळेची स्वच्छ इमारत आणि रोजची वैद्यकीय तपासणी अधिक हितकारक आहे. भारतात या साथीने एक कोटीहून अधिक बळी घेतले. त्यांत २० ते ४० वर्षे वयाच्या स्त्रीपुरुषांचे प्रमाण लक्षणीय असल्याने असंख्य किशोरवयीन मुलामुलींवर अकाली संसाराची जबाबदारी आली; पण त्यांच्या मनःस्थितीची नोंद कोणत्याही सरकारी अहवालाने ठेवली नाही.

पोलिओच्या साथी प्रामुख्याने मुलांच्या असल्याने त्या काळात निर्बंधांचा रोखही मुलांवरच होता. १९१६ मध्ये न्यूयॉर्कमध्ये १६ वर्षांखालील मुलांना चित्रपटगृहांत मज्जाव करण्यात आला. पुढील दशकांत उन्हाळा आला, की अमेरिकेतील अनेक गावांतील पोहण्याचे तलाव बंद होत. १९३७ मध्ये शिकागोतील शाळा उघडणे लांबणीवर पडले, तेव्हा तिसरी ते आठवीच्या सुमारे सव्वातीन लाख विद्यार्थ्यांसाठी नभोवाणीवरून पाठ देण्यात आले. दूरस्थ शिक्षणाचा हा एक आद्य प्रयोग होय. अभ्यास घरी पोहोचविता येतो, हे त्याने सिद्ध केले; सवंगडी पोहोचविता येत नाहीत, हा त्यातील दुसरा धडा मात्र पुढे ८० वर्षांहून अधिक काळ दुर्लक्षित राहिला.

कोविड-१९ : जागतिक आरोग्य संघटनेने ११ मार्च २०२० रोजी या रोगास महासाथ म्हणून संबोधिले. एप्रिल २०२० पर्यंत १९० हून अधिक देशांतील सुमारे १६० कोटी विद्यार्थ्यांच्या शाळा-महाविद्यालये बंद झाली होती. मानवी इतिहासात एवढ्या मोठ्या प्रमाणावर शिक्षणसंस्था एकाच वेळी कधीही बंद झालेल्या नव्हत्या. टोकिओ ऑलिंपिक स्पर्धा लांबणीवर टाकल्याची घोषणा २४ मार्च २०२० रोजी झाली आणि शालेय स्तरापर्यंतचे क्रीडाजीवन जवळजवळ थांबले.

व्यायामाविषयीचे नियम मात्र देशोदेशी भिन्न होते. इंग्लंडमध्ये २३ मार्च २०२० पासूनच्या पहिल्या टाळेबंदीत दिवसातून एकदा व्यायामासाठी बाहेर पडण्यास मुभा होती. फ्रान्समध्ये घरापासून एक किलोमीटरच्या आत एक तास फिरता येई. त्यासाठी स्वतःच्या सहीचे निवेदन जवळ बाळगावे लागे. स्पेनमध्ये मुलांना सहा आठवडे घराबाहेर पाऊल टाकता आले नाही. २६ एप्रिल २०२० पासून तेथे १४ वर्षांखालील मुलांना मोठ्या माणसासोबत एक तास फिरण्याची परवानगी मिळाली, तर त्याहून मोठ्या मुलांना व्यायामासाठी २ मे पर्यंत वाट पाहावी लागली. स्वीडनने १६ वर्षांपर्यंतच्या मुलांच्या शाळा चालू ठेवल्या. तेथे उच्च माध्यमिक वर्ग तेवढे दूरस्थ झाले. या भिन्नतेवरून एक गोष्ट स्पष्ट होते : हालचालीची गरज ही आरोग्याची मूलभूत गरज मानावयाची, की सवलत मानावयाची, हा वैद्यकीय प्रश्नाइतकाच धोरणाचाही प्रश्न होता.

शारीरिक हालचालींतील घट : महासाथीपूर्वीची स्थितीही समाधानकारक नव्हती. १४६ देशांतील १६ लाख विद्यार्थ्यांच्या माहितीवर आधारलेल्या अभ्यासानुसार २०१६ मध्ये ११ ते १७ वयोगटातील ८१ टक्के मुलामुलींची हालचाल शिफारशीपेक्षा कमी होती. मुलांत हे प्रमाण ७८ टक्के, तर मुलींत ८५ टक्के होते. महासाथीने या दुबळ्या पायावर आघात केला. शांघायमधील ६ ते १७ वयोगटातील सुमारे २,४०० मुलामुलींची पाहणी जानेवारी व मार्च २०२० मध्ये करण्यात आली. तीत आठवड्याच्या हालचालीचा मध्यक ५४० मिनिटांवरून १०५ मिनिटांवर आल्याचे आढळले. कॅनडात एप्रिल २०२० मध्ये हालचाल, झोप व पडद्यासमोरचा वेळ या तिन्ही बाबतींतील निकष पाळणाऱ्या १२ ते १७ वयोगटातील मुलांचे प्रमाण एक टक्क्याहूनही कमी होते. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, २२ अभ्यासांच्या एकत्रित पृथक्करणात मुलांच्या व किशोरवयीनांच्या दैनंदिन हालचालीत २० टक्के घट दिसून आली. मध्यम ते तीव्र हालचालीतील घट रोज सुमारे १७ मिनिटे, म्हणजे शिफारस केलेल्या एका तासाच्या पाव भागाहून अधिक होती.

ही घट सर्वत्र सारखी नव्हती. अंगण किंवा गच्ची असलेल्या घरातील मुलगा आणि दहा बाय दहाच्या खोलीत पाच-सहा माणसांत राहणारा मुलगा यांची टाळेबंदी एक नव्हती. खेड्यांत अनेक किशोरवयीनांची हालचाल घटण्याऐवजी वाढली. पण ती शेतीकामाची, पाणी वाहण्याची किंवा वडिलांचा रोजगार बुडाल्यामुळे पत्करलेल्या मजुरीची होती. मुलींच्या वाट्याला घरकाम आले. श्रम व खेळ या दोहोंत स्नायू सारखेच हलत असले, तरी खेळात स्वेच्छा, सोबती व आनंद असतो. त्यामुळे मनःस्वास्थ्याच्या दृष्टीने या दोन गोष्टी एकाच मापाने मोजता येत नाहीत.

भावनिक स्वास्थ्य : २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, २९ अभ्यासांतील ८०,८७९ मुलामुलींच्या माहितीच्या पृथक्करणानुसार सुमारे २५ टक्क्यांमध्ये विषण्णतेची आणि सुमारे २० टक्क्यांमध्ये चिंतेची लक्षणे दिसून आली. महासाथ जसजशी लांबली, तसतसे हे प्रमाण वाढत गेले. वयाने मोठ्या किशोरांत व मुलींत ते अधिक होते. अमेरिकेत फेब्रुवारी-मार्च २०२१ मध्ये आत्महत्येच्या प्रयत्नाच्या संशयावरून आपत्कालीन कक्षात आणलेल्या १२ ते १७ वयाच्या मुलींची संख्या २०१९ च्या त्याच काळापेक्षा ५१ टक्क्यांनी अधिक होती. मुलांतील वाढ ४ टक्क्यांहून कमी होती. ऑक्टोबर २०२१ मध्ये तेथील बालरोगतज्ञ व बालमनोविकारतज्ञ यांच्या संस्थांनी बालकांच्या मानसिक आरोग्याबाबत राष्ट्रीय आणीबाणी असल्याचे जाहीर केले.

चित्राची दुसरी बाजूही लक्षात घ्यावयास हवी. आइसलँडमधील १३ ते १८ वयोगटातील ५९,७०१ मुलामुलींच्या दीर्घकालीन पाहणीत विषण्णतेची लक्षणे, विशेषतः मुलींत, वाढल्याचे दिसले. परंतु १५ ते १८ वयोगटात धूम्रपान व मद्यपान घटल्याचेही आढळले. इंग्लंडमधील एका मोठ्या विद्यार्थी-पाहणीत जवळजवळ एक-तृतीयांश विद्यार्थ्यांनी पहिल्या टाळेबंदीत आपल्याला अधिक बरे वाटल्याचे सांगितले. शाळेतील छळ, परीक्षेचा धाक व अपुरी झोप यांतून झालेली सुटका हे त्याचे संभाव्य कारण होय. म्हणजेच घराने काहींना कोंडले, तर काहींना आसरा दिला. महासाथीने शाळेचे मोल दाखवून दिले, तसे शाळेतील दोषही उघड केले.

परस्परसंबंध : ज्यांची हालचाल टिकून राहिली, त्यांचे मनही तुलनेने स्वस्थ राहिले, असा निष्कर्ष अनेक देशांतील अभ्यासांतून पुढे आला. खेळ पुन्हा सुरू झालेल्या अमेरिकन शाळांतील खेळाडूंत, खेळ बंद राहिलेल्या शाळांतील खेळाडूंपेक्षा चिंता व विषण्णता कमी आढळली. तथापि यावरून व्यायाम हेच कारण व स्वास्थ्य हाच परिणाम, असे सरळ अनुमान काढता येत नाही. खिन्न मनुष्य अंथरुणातून उठत नाही. म्हणजे कार्यकारणाचा प्रवाह उलट दिशेनेही वाहतो. शिवाय बहुतेक पाहण्या ऑनलाइन प्रश्नावल्यांवर अवलंबून असल्याने, ज्यांच्याकडे साधनेच नव्हती अशी मुले त्यांतून वगळली गेली. मृत्यू, बेरोजगारी व घरातील कलह यांचे परिणाम हालचालीच्या अभावापासून वेगळे काढणेही अवघड आहे. इतके मात्र म्हणता येते, की नियमित हालचाल हा संकटकाळी मनाला आधार देणारा, अल्पखर्चाचा व सहज उपलब्ध होणारा घटक आहे आणि टाळेबंदीने नेमका तोच आधी काढून घेतला.

भारत : भारतात २५ मार्च २०२० पासून देशव्यापी टाळेबंदी लागू झाली आणि ती वाढत जाऊन ३१ मे पर्यंत चालली. शाळा मात्र पूर्णतः किंवा अंशतः ८० हून अधिक आठवडे बंद राहिल्या. जगातील सर्वांत दीर्घ बंदींपैकी ही एक होती. ग्रामीण भागातील एका राष्ट्रीय पाहणीनुसार शाळेत नाव असलेल्या मुलांपैकी, ज्यांच्या घरी स्मार्टफोन होता अशांचे प्रमाण २०१८ मधील ३६·५ टक्क्यांवरून २०२० मध्ये ६१·८ टक्क्यांवर गेले. हा फोन बहुधा घरात एकच असे आणि तो वडिलांबरोबर कामावर जाई. ज्यांना तो मिळाला, त्यांचे वर्ग, करमणूक व मैत्री ही सर्वच एका पडद्यात सामावली.

राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने जानेवारी ते मार्च २०२२ या काळात सहावी ते बारावीच्या ३,७९,८४२ विद्यार्थ्यांची पाहणी केली. तीत ८१ टक्के विद्यार्थ्यांनी अभ्यास, परीक्षा व निकाल ही आपल्या चिंतेची कारणे म्हणून सांगितली. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार देशातील विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांची संख्या २०१९ मध्ये १०,३३५, २०२० मध्ये १२,५२६ व २०२१ मध्ये १३,०८९ होती. हे आकडे सर्व वयांच्या विद्यार्थ्यांचे असून या वाढीचा संबंध केवळ महासाथीशी जोडता येत नाही. तरीही ते गंभीर आहेत. मदत मागण्याविषयीचा संकोच हा यातील मोठा अडसर होय. संयुक्त राष्ट्रांच्या बालनिधीने २०२१ मध्ये २१ देशांतील पाहणीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. मानसिक अडचणीत इतरांचा आधार घेणे चांगले, असे मानणाऱ्या १५ ते २४ वयोगटातील व्यक्तींचे प्रमाण या देशांत सरासरी ८३ टक्के, तर भारतात केवळ ४१ टक्के होते.

उपायांदाखल केंद्र शासनाने २१ जुलै २०२० रोजी विद्यार्थी, पालक व शिक्षक यांच्यासाठी ‘मनोदर्पण’ हा समुपदेशनाचा उपक्रम आणि १० ऑक्टोबर २०२२ रोजी ‘टेलि-मानस’ ही दूरध्वनी सेवा सुरू केली. १५ ते १८ वयोगटाचे लसीकरण ३ जानेवारी २०२२ पासून, तर १२ ते १४ वयोगटाचे १६ मार्च २०२२ पासून सुरू झाले. खेलो इंडिया युवा स्पर्धा जानेवारी २०२० मध्ये गुवाहाटी येथे झाल्या होत्या. त्यांनंतरच्या स्पर्धा हरयाणात जून २०२२ मध्येच भरू शकल्या. सतरा-अठरा वर्षांच्या खेळाडूच्या दृष्टीने हा काळ म्हणजे त्याच्या वयोगटातील संपूर्ण कारकीर्दच होय.

महाराष्ट्र : या राज्यात साथीचा जोर सर्वाधिक असल्याने निर्बंधही दीर्घकाळ राहिले. मार्च २०२० च्या मध्यास शाळा बंद झाल्या. दहावीच्या परीक्षेतील भूगोलाचा अखेरचा पेपर रद्द करावा लागला. २०२१ मध्ये दहावी व बारावीच्या परीक्षाच झाल्या नाहीत. दहावीचा निकाल अंतर्गत मूल्यमापनावरून लावण्यात येऊन तो ९९·९५ टक्के लागला. परीक्षेचा ताण टळला, तरी वर्षभराच्या श्रमांची कसोटीच न लागल्याची रुखरुख आणि गुणांच्या विश्वासार्हतेविषयीची शंका विद्यार्थ्यांच्या मनात राहिली. नववी ते बारावीचे वर्ग २३ नोव्हेंबर २०२० पासून टप्प्याटप्प्याने उघडले. दुसऱ्या लाटेत ते पुन्हा बंद झाले. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी शाळा पुन्हा सुरू झाल्या. जानेवारी २०२२ मध्ये पुन्हा बंद होऊन त्या २४ जानेवारीपासून उघडल्या. या उघडझापीमुळे दिनक्रमाची घडी बसणे कठीण झाले.

अभ्यासाची गैरसोय टाळण्यासाठी राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने ‘शाळा बंद… पण शिक्षण आहे’ ही अभ्यासमाला चालविली. सह्याद्री वाहिनीवरून पाठ्यक्रमावर आधारित कार्यक्रम प्रक्षेपित झाले. कोकण व गोव्यातील डोंगराळ भागांत दूरध्वनीचे जाळे पोहोचत नसल्याने विद्यार्थी टेकडी चढून वर्गाला बसत. खेळाच्या वाट्याला मात्र असा पर्याय आला नाही. व्यायामशाळांना केंद्राने ५ ऑगस्ट २०२० पासून परवानगी दिली. महाराष्ट्रात त्या दसऱ्याच्या दिवशी, २५ ऑक्टोबर २०२० रोजी उघडल्या. अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ (१९१४) व दादरचे श्रीसमर्थ व्यायाम मंदिर (१९२५) यांसारख्या संस्थांनी घडविलेल्या व्यायामपरंपरेच्या या प्रांतात आखाड्याला, मल्लखांबाला किंवा कबड्डी-खोखोच्या मैदानाला घरात पर्याय नाही. हे खेळ स्पर्शाचे व सांघिक असल्याने संसर्गाच्या दृष्टीने ते सर्वाधिक धोक्याचे ठरले आणि सर्वांत उशिरा परतले. २०२० व २०२१ मध्ये सार्वजनिक दहीहंडीही झाली नाही. तिच्यासाठी वस्तीतील मुले आठवडेच्या आठवडे एकत्र सराव करतात, तो सराव खंडित झाला. [⟶ मल्लखांब, खोखो].

महासाथीनंतर : जागतिक आरोग्य संघटनेने ५ मे २०२३ रोजी कोविड-१९ संबंधीची जागतिक आणीबाणी संपल्याचे जाहीर केले, मात्र परिणाम त्या दिवशी संपले नाहीत. परतलेल्या विद्यार्थ्यांत दम लागणे, वजनवाढ, एकाग्रतेचा अभाव व समुदायात मिसळण्याची भीती शिक्षकांना जाणवली. शाळांनी अभ्यासक्रमाची भरपाई करण्यासाठी प्रथम खेळाचेच तास घेतले, असे अनेक ठिकाणी घडले. म्हणजे रोगाने हिरावलेला वेळ उपायानेही हिरावला. २५ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याबाबत शिक्षणसंस्थांसाठी मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. समुपदेशनाची आवश्यकता त्यामुळे अधोरेखित झाली असली, तरी समुपदेशकाची खोली व शाळेचे मैदान ही परस्परपूरक आहेत, हा विचार अद्याप पुरेसा रुजलेला नाही.

प्लेगच्या काळातील माळावरच्या झोपड्या, क्षयरोगाच्या काळातील मोकळ्या हवेतील शाळा आणि कोविड-१९ च्या काळातील बंद दारे ही एकाच भीतीची तीन रूपे आहेत. संसर्ग रोखण्याचा मार्ग रोगाच्या स्वरूपानुसार बदलतो आणि तो अनेकदा कठोरही असावा लागतो. परंतु किशोरवयीन मनुष्य हा केवळ संसर्गाचा वाहक किंवा केवळ परीक्षार्थी नव्हे; उघड्या हवेत, सवंगड्यांच्या संगतीत वाढणे ही त्याची गरज आहे. पुढील महासाथीच्या योजनेत धान्य, औषध व पाठ्यपुस्तक यांच्या बरोबरीने दिवसातील एक मोकळा तास आणि बोलावयास एक विश्वासू माणूस यांची तरतूद आधीच झालेली असणे, हे २०२०–२२ च्या अनुभवातून मिळालेले महत्त्वाचे शिक्षण होय.